वाऱ्याच्या वाटेवरील वसतिगृहें

कोरडी उष्णता आणि दमट उष्णता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें देशावरून मुंबईस येणाऱ्या माणसास पहिल्याच वैशाखांत कळून चुकतें. देशावरील वाड्याची जाड भिंत दिवसाचें ऊन पोटांत सांठविते आणि रात्रीं गारवा पडला म्हणजे तें सोडून देते. जेथें रात्रहि उबट, तेथें हीच भिंत शेगडीसारखी धुमसत राहते. घाम वाळत नाहीं, हेंच दमट हवेचें खरें दुखणें. आणि अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्यावांचून त्यास दुसरा स्वस्त उपाय नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवून विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें बांधण्याचा एक मोठा प्रयत्न पश्चिम आफ्रिकेंत झाला. त्याची हकीकत वाचकांपुढें मांडावी असें आम्हांस वाटतें.

नायजेरियांतील इबादान येथें १९४८ सालीं युनिव्हर्सिटी कॉलेज निघालें. आरंभीं त्याचें बिऱ्हाड एका जुन्या लष्करी इस्पितळांत होतें. नव्या जागेवरील इमारतींचें काम मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू या इंग्रज पतिपत्नींकडे आलें. महायुद्धाच्या अखेरच्या काळांत, १९४४ पासून, नगररचनेचे सल्लागार म्हणून तीं उभयतां त्या प्रदेशांत हिंडलीं होतीं, व तेथील हवेचा अनुभव त्यांनीं स्वतःच्या अंगावर घेतला होता.

त्यांची युक्ति दिसावयास अगदीं साधी आहे. इमारत लांबच लांब, पण रुंदी एकाच खोलीची. मधल्या बोळाच्या दोहों बाजूंस खोल्यांच्या रांगा हा विलायती प्रघात त्यांनीं सोडला, कारण तशा खोलीस एकच उघडें अंग राहतें व वारा आंत शिरला तरी त्यास बाहेर पडावयास वाट नसते. इबादान येथें खोलीच्या एका अंगास सज्जा, दुसऱ्या अंगास येण्याजाण्याची पडवी, आणि ऊन अडवून वारा येऊं देणाऱ्या काँक्रीटच्या जाळ्या. अहमदाबादेच्या सिदी सय्यदच्या मशिदीची जाळी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं! अर्थात् वाऱ्याबरोबर शेजाऱ्याचा आवाज येतो, आणि हिवाळ्यांत सहारांतून येणाऱ्या हरमॅटन वाऱ्याची धूळहि येते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यानें यांतलें काय पत्करावें? आम्ही तर धूळच पत्करूं.

१९५१ पासून हीं उभयतां चंदीगडच्या कामावर होतीं. तेथें उन्हाळा कोरडा, म्हणून हिशेब पुन्हा मांडावा लागला. १९५६ च्या त्यांच्या ग्रंथाच्या नांवांत केवळ दमट प्रदेशाचा उल्लेख होता. १९६४ च्या ग्रंथाच्या नांवांत कोरडा प्रदेशहि आला.

इबादानचें कॉलेज १९६२ सालीं स्वतंत्र विद्यापीठ झालें. आरंभीं शंभराच्या आसपास असलेले विद्यार्थी पुढें हजारोंनीं वाढले, आणि थोडक्यांसाठीं आखलेल्या खोल्यांत दाटी झाली. खाटा, ट्रंका व दोरीवरचे कपडे मध्यें आले म्हणजे वारा जाळीपाशींच थबकतो, आणि विद्यार्थी पुस्तक घेऊन सज्ज्यांत येऊन बसतो.