तळहातावरची तबकडी

आज एका लहानशा तबकडीची गोष्ट सांगतो. तिचा व्यास ६० मिलिमीटर, म्हणजे आपल्या ओळखीच्या सीडीच्या बरोबर निम्मा. प्लॅस्टिकच्या डबीत ती कायमची बंद असे. डबीसकट वजन सुमारे १० ग्रॅम. नाव मात्र भारदस्त: युनिव्हर्सल मीडिया डिस्क, थोडक्यात यूएमडी. युनिव्हर्सल म्हणजे सर्वत्र चालणारी. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशीच तिची गत झाली.

१२ डिसेंबर २००४ रोजी सोनी कंपनीने जपानमध्ये प्लेस्टेशन पोर्टेबल हे हातात धरून खेळायचे यंत्र आणले. तोवर या क्षेत्रात निन्टेन्डोचे राज्य होते. १९८९ च्या गेम बॉयपासून तिचे खेळ चिपच्या कार्ट्रिजमध्ये येत. चिप महाग आणि तिची साठवण कमी. तबकडी मात्र साच्यातून स्वस्तात छापता येते. यूएमडीच्या दोन थरांत १.८ गिगाबाइट माहिती मावत असे, म्हणजे सीडीच्या दुपटीहून अधिक. म्हणून घरच्या टीव्हीवर खेळतात तसे भव्य खेळ खिशात आले. त्याची किंमतही होती. तबकडी फिरवायला मोटर लागे, मोटरला बॅटरी लागे आणि खेळ सुरू होईपर्यंत वाट पाहावी लागे.

दुसरा हेतू नकला रोखण्याचा होता. कोऱ्या यूएमडी बाजारात मिळत नसत, त्या लिहिणारे यंत्रही नव्हते. तरीही २००५ पासूनच हिकमती लोकांनी खेळ मेमरी कार्डावर उतरवून चालवण्याच्या वाटा शोधल्या. कुलूप प्रामाणिक माणसाला अडवते, हे आपले वाडवडील सांगत आलेच आहेत.

सोनीला या तबकडीवर चित्रपटही विकायचे होते. अमेरिकेत २००५ च्या मार्चमध्ये पहिल्या दहा लाख यंत्रांबरोबर 'स्पायडर-मॅन २'ची यूएमडी दिली गेली. पण हा चित्रपट त्या छोट्या पडद्यावरच पाहायचा. टीव्हीला जोडता येईल असे मॉडेल आले २००७ साली. एकच चित्रपट घरासाठी डीव्हीडीवर आणि प्रवासासाठी यूएमडीवर, असा दोनदा कोण घेणार? २००६ मध्येच हॉलिवूडच्या स्टुडिओंनी हात आखडता घेतला.

तबकडीचे तांत्रिक मानक २००५ मध्ये जाहीर झाले होते. तरी ती जगली एकाच घराण्याच्या यंत्रात. आणि त्या घराण्यानेच तिला दार बंद केले. २००९ च्या पीएसपी गो या मॉडेलला तबकडीची खाचच नव्हती. डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये आलेल्या प्लेस्टेशन व्हिटामध्येही ती नव्हती, तिथे छोटी कार्डे आली. जपानमधल्या ग्राहकांना जुनी तबकडी दाखवून, वर पैसे भरून, काही खेळांची डिजिटल प्रत घेता येई. अमेरिकेतल्या ग्राहकांना तेवढेही मिळाले नाही. २०१४ मध्ये जुन्या यंत्राची विक्रीही आवरती घेण्यात आली.

माझ्याकडे अब्बांची एक वही आहे. पाने पिवळी पडली आहेत, शाई फिकटली आहे. पण ती वाचायला डोळे आणि थोडा उजेड पुरतो. यूएमडीवरची अक्षरे लेझरखेरीज कुणाला दिसत नाहीत. तबकडी शाबूत असली तरी तिला फिरवणारे जुने यंत्र एकेक करून बंद पडते आहे. त्या खेळांसाठी कुणी चित्रे काढली, कुणी संगीत रचले, कुणी कथा लिहिल्या. तीही एका काळाची कलाच. ती जपायची तर तबकडीबरोबर यंत्रही जपायला हवे आणि ते दुरुस्त करणारा हातही.

आपल्या घरातल्या कॅसेटी, फ्लॉपी, सीडी आठवून पाहा. लग्नाचे चित्रण आहे, आजीचा आवाज आहे. ते वाजवणारे यंत्र चालते का, हे आजच तपासा. चालत असेल तर आवाज नव्या जागी उतरवून ठेवा. उद्या कदाचित कुलूप राहील आणि किल्ली घडवणारा कुणी नसेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)