‘जंगल’ शब्दाचा प्रवास : जांगल देशापासून झुडपी जंगलापर्यंत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात असा आग्रह संपादक-मंडळाने केला, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशा पत्करला आणि सारी हयात खेड्यांतील मुलांना वाचन-लेखन शिकविण्यात घालविली. आम्ही काही भाषापंडित नव्हे. तथापि एका शब्दाने आम्हांस नोकरीत असताना फार छळले. त्याची हकीकत ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवावी, असे वाटल्यावरून हे लेखन केले आहे. तो शब्द म्हणजे ‘जंगल’.

भद्रावतीकरांस जंगल काय हे सांगावयास नको. ताडोबाचे अरण्य आपल्या उशाशी आहे. १९५५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले व १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प स्थापन झाला. तेव्हा ‘जंगल’ म्हणताच साग-बांबूची दाटी आणि वाघ डोळ्यांपुढे उभा राहावा, हे साहजिक आहे. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ याच्या अगदी उलट होता, असे सांगितले तर वाचकांस नवल वाटेल.

संस्कृतात मूळ शब्द ‘जाङ्गल’. आयुर्वेदाच्या ग्रंथांत भूमीचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार मानले आहेत. आनूप म्हणजे पाणथळ, गर्द झाडीचा प्रदेश. जांगल म्हणजे जेथे पाणी थोडे, ऊन-वारा फार, आभाळ मोकळे आणि झाडे विरळ व काटेरी, अशी कोरडी भूमी. वैद्यांच्या मते हीच भूमी आरोग्यास हितकर. महाभारतातील ‘कुरुजांगल’ हे देशनामही याच शब्दावरून आले आहे. पुढे देशी भाषांत या शब्दाचे ‘जंगल’ झाले आणि न कसलेली, पडीक, झुडुपांनी व्यापलेली जमीन असा त्याचा अर्थ रूढ झाला.

इंग्रज येथे राज्य करू लागले, तेव्हा महसुलाच्या कामात त्यांनी हा शब्द उचलला. १७७६ साली हालहेड नामक इंग्रजाने हिंदूंच्या कायद्याचे भाषांतर छापले. त्यात पाच वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीस जंगल म्हटले आहे. म्हणजे इंग्रजीत प्रवेश करताना या शब्दाचा झाडांशी फारसा संबंध नव्हता, तो शेतसाऱ्याशी होता! परंतु पुढे साहेब शिकारीस निघाला, हिवतापाने आजारी पडला आणि त्या तापास ‘जंगल-ताप’ म्हणू लागला. हळूहळू कोरडे माळरान मागे पडून दमट, निबिड, भयप्रद अरण्य हाच त्या शब्दाचा अर्थ होऊन बसला. १८८६ साली यूल व बर्नेल यांनी ‘हॉबसन-जॉबसन’ हा प्रसिद्ध कोश छापला. मूळ देशी अर्थ केवळ पडीक जमीन असा आहे, ही नोंद त्यांनी तेव्हाच करून ठेविली आहे.

१८९४ साली मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने ‘जंगल बुक’ लिहिले. त्यातील काही कथा आपल्या नागपूरच्या उत्तरेस असलेल्या सिवनीच्या डोंगरांत घडतात. त्या पुस्तकामुळे हा शब्द जगभर घरोघरी पोहोचला. किपलिंगचा ‘जंगलचा कायदा’ हा प्राण्यांनी कसोशीने पाळावयाचा नियम होता. आज मात्र त्याच शब्दांनी बळी तो कान पिळी असाच अर्थ घेतला जातो. १९०६ साली सिंक्लेअर या अमेरिकन लेखकाने शिकागोच्या कत्तलखान्यांतील मजुरांवर कादंबरी लिहिली आणि तिचे नाव ‘जंगल’ ठेविले. त्यात झाड नाही, वाघ नाही. माणसानेच माणसास फाडून खाण्याची कथा आहे. पुढे शहरांसही ‘सिमेंटचे जंगल’ म्हणू लागले.

आता शब्द घरी परत येतो, तो पाहू. इंग्रज सरकारने १८६५, १८७८ व १९२७ साली वनविषयक कायदे केले आणि जंगल ही सरकारी मालकीची, मनाई असलेली वस्तू झाली. म्हणूनच १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे गवत कापून कायदेभंग केला, त्यास ‘जंगल सत्याग्रह’ हे नाव पडले.

आपल्या भागात याच शब्दाची आणखी एक शाखा आहे. मध्यप्रांताच्या महसुली दप्तरात गुरेचराईच्या, खडकाळ व खुरट्या झुडुपांच्या जमिनींस ‘झुडपी जंगल’ म्हणत. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, त्याबरोबर ही नोंदही आली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. तिच्यावर वस्त्या, शाळा, दवाखाने, स्मशानभूमी उभ्या राहिल्या.

आम्ही ज्या खेड्यात शिकवीत होतो, तेथील शाळाही अशाच जागेवर होती. आवारास कुंपण-भिंत घालावी म्हणून आम्ही अर्ज केला. ‘जागा जंगलाची आहे’ एवढाच शेरा मारून तो परत आला. आवारात दोन बाभळी, एक बोर आणि पावसाळ्यात तरोटा. मुलांना डबा खाण्यापुरती सावली नव्हती. आम्ही तीनदा लिहिले, तिन्ही वेळा उत्तर तेच. आम्ही निवृत्त झालो तरी भिंत झाली नव्हती.

या प्रकरणाचे मूळ पुढे कळले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितले, की वन शब्दाचा अर्थ कोशात आहे तोच घ्यावा आणि सरकारी दप्तरात जी जमीन वन म्हणून नोंदली आहे, तीही वनच मानावी. त्याच न्यायाने २२ मे २०२५ रोजी झुडपी जंगलाच्या जमिनी वनच आहेत, असा निर्णय झाला. मात्र १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जागांसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी, अशी वाटही न्यायालयाने ठेविली आहे.

या निर्णयास आम्ही दोष देत नाही. वने राखली नाहीत तर आपल्या जिल्ह्याजवळ कोळसा आणि धूळ यांवाचून काय उरेल? तसेच २००६ च्या कायद्यानुसार गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली अठराशे हेक्टरांहून अधिक वनावर सामूहिक हक्क मिळाला, हेही विसरता येत नाही. आम्हांस इतकेच म्हणावयाचे आहे, की जुन्या कारकुनाने ‘जंगल’ लिहिले ते पडीक माळ या अर्थाने, आणि आज वाचणारा ते वाचतो दाट वन या अर्थाने. मधल्या काळात शब्द सातासमुद्रांपलीकडे जाऊन आला. जमीन मात्र होती तेथेच आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची एक विनंती आहे. आपल्या घराच्या जागेचा सातबारा एकदा मुलाबाळांना घेऊन वाचावा. त्यावर कोणता शब्द आहे, जागा केव्हा व कोणाच्या हुकमाने मिळाली, याचे कागद शोधून जपून ठेवावेत. १९९६ पूर्वीचा कागद असल्यास विशेष जपावा. वडिलांनी पेटीच्या तळाशी ठेविलेला पिवळा पडलेला कागद कदाचित नातवाच्या छपरास आधार देईल. वाचता न आल्यास आमच्याकडे यावे. चष्मा जाड झाला असला तरी मोडीचे दोन-चार फराटे आम्हांस अद्याप लागतात.