सोनेरी शैवल : वनस्पती की प्राणी?

बर्लिनचे शास्त्रज्ञ एरेनबेर्ग यांनी १८३८ मध्ये सूक्ष्मजीवांवरील आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा सरोवरातील ‘डायनोब्रियॉन’ या सोनेरी जीवाला त्यांनी प्राण्यांच्या पंक्तीत बसविले. पाण्यात नीळ व किरमिजी रंगाचे कण कालवावयाचे आणि ते सूक्ष्मजीवांच्या पोटात कोठे जातात हे पाहावयाचे, ही त्यांची पद्धत. अशा सर्व जीवांना अनेक जठरे असतात, असे त्यांचे मत होते. फ्रान्सच्या दुजार्दां यांनी ते १८३५ पासूनच अमान्य केले, आणि पुढे ते टिकलेही नाही.

डायनोब्रियॉनचे रूप तर झुडपाचेच. त्याची प्रत्येक पेशी सुरईसारख्या पारदर्शक कोशात राहते. पेशी दुभंगली की एक अपत्य जुन्या सुरईच्या काठावर नवी सुरई उभारते, आणि असे करीत करीत फांद्या फुटलेले इवलेसे झाड तयार होते. मात्र हे झाड पोहते! प्रत्येक पेशीला एक लांब व एक आखूड अशा दोन कशाभिका असतात; त्यांच्या फटकाऱ्यांनी सारा संसार पाण्यातून पुढे सरकतो. हरितद्रव्यावर फ्युकोझँथिन या रंगद्रव्याची छटा चढल्याने त्याला सोनेरी वर्ण येतो. प्रतिकूल काळी पेशी सिलिकेची गोल कुपी बनवून, तिच्या एकुलत्या छिद्रास बूच लावून तळाच्या गाळात विसावते.

प्रागचे पाशर यांनी १९१४ मध्ये सोनेरी शैवले, पीतहरित शैवले आणि डायाटम यांचा एक स्वतंत्र विभाग केला. सूर्यप्रकाशावर अन्न बनविणारा हा जीव वनस्पतींत गेला, तो योग्यच म्हणावयाचा. काही सोनेरी शैवले घन कणही गिळतात, अशी निरीक्षणे अधूनमधून नोंदली जात. पण किती गिळतात, याचे मोजमाप फारसे झाले नव्हते.

ही शैवले बहुधा स्वच्छ, थंड व फॉस्फरसाने दरिद्री अशा सरोवरांत वाढतात. तेथे उणे पडणारे पोषण कोठून येत असावे? कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या सरोवरांत बर्ड व काल्फ या संशोधकांनी जीवाणूंच्या आकाराचे चमकणारे कण पाण्यात सोडले. म्हणजे जुन्या निळीचाच हा नवा अवतार. डायनोब्रियॉनने ते गिळले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबाप्रमाणे एकेक पेशी दर पाच मिनिटांस सुमारे तीन जीवाणू फस्त करीत होती, आणि तेथील कवचधारी जलचर, चक्रधर व रोमधारी जीव मिळून जितके जीवाणू खात, त्याहून अधिक ही शैवले खात होती. जठरे नव्हतीच, खाणे मात्र खरे होते. एरेनबेर्ग यांना जाऊन तेव्हा ११० वर्षे होत आली होती.