पूर ओसरतो, वाट मात्र उरत नाही

पूर आला की आपण विचारतो, पाणी कुठवर चढले? पूल बुडाला का? पीक वाचले का? नदीवर गळ टाकणारा, जाळे फेकणारा माणूस मात्र पूर ओसरल्यावर वेगळेच विचारतो : आता पाण्यापर्यंत उतरायचे कुठून? या लहानशा वाटणाऱ्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. आज त्याविषयी थोडे बोलू.

सोलापूरहून तुळजापूरला निघालो की तामलवाडी लागते. या टापूच्या पूर्वेला बोरी, पश्चिमेला सीना. दोन्ही शेवटी भीमेला मिळतात. वर्षातले बरेच महिने या नद्या रोडावलेल्या असतात. मासे तेव्हा डोहांत राहतात आणि डोहाकडे उतरणारी पायवाट हीच मासेमाराची खरी मिळकत असते. पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यात मासे अंडी घालायला वरच्या अंगाला निघतात. त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. म्हणजे मासे आणणाराही पूरच. पण तोच पूर काठ खरवडतो, जुना डोह गाळाने बुजवतो, नवा कोरतो. काल जिथे सोपा उतार होता, तिथे आज पुरुषभर उंचीची दरड उभी असते. मग तिच्यावर वेडी बाभूळ माजते.

पुराला वाट ठरवून देण्याचा देखणा प्रयत्न याच मुलखात झाला. नळदुर्गला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, बोरी नदीवर बांध घातला गेला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरली की पाणी नर आणि मादी नावाच्या ठरलेल्या दोन वाटांनी खाली कोसळते. चारशे वर्षे झाली, पाण्याची वाट चुकलेली नाही. माणसाच्या वाटेची अशी सोय मात्र पुढच्या कुठल्याच राजवटीला नीट लावता आली नाही.

1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि शेजारचे सोलापूर इंग्रजी अमलात. इंग्रज साहेबांना गळाने मासे धरण्याचा भारी शौक. थंड पाण्यातला ट्राउट मासा त्यांनी 1900 मध्ये काश्मीरपर्यंत आणला. आपल्या उन्हाळी नद्यांत तो जगला नसता. त्यांच्या देशात भरतीचे पाणी पोहोचत नाही अशा नद्यांतला मासेमारीचा हक्क सहसा काठाच्या मालकाकडे असतो. पैसे भरून गळ टाकणारा काठ खचला तर निदान मालकाकडे तक्रार करू शकतो.

आपल्याकडचा हिशेब निराळा आहे. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे नदीचे पात्र आणि वाहते पाणी सरकारचे. काठाची शेते मात्र खातेदारांची. शेतात जायला दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असेल, तर जमीनधारक तहसीलदारांकडे दाद मागू शकतो. पुराने टाकलेल्या मळईच्या जमिनीचाही कायद्याने विचार केला आहे. पण ज्याच्या नावावर सात-बाराच नाही, त्या मासेमाराची पायवाट शेजाऱ्याच्या भलेपणावर चालते. आपल्या भाषेत ‘वहिवाट’ या शब्दात वापरही आहे आणि वाटही आहे. पुराने बांध आणि वाट दोन्ही पुसली, की ती वहिवाट दाखवायची कुठे?

धरणे झाली तशी मासेमारी नदीकडून तलावाकडे सरकली. तलाव सहकारी संस्थांना ठेक्याने मिळतात, त्यांत कटला-रोहूची बोटुकली सोडली जाते. तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला, की पोसलेले मासे खाली निघून जातात. खालच्या गावात त्या दिवशी चंगळ होते, ठेका घेणाऱ्याच्या पदरी तोटा येतो.

ऑक्टोबर 2020 मध्ये बोरीने आणि सप्टेंबर 2025 मध्ये सीनेने जे रूप दाखवले, ते आपण विसरलेलो नाही. पिके गेली, जनावरे गेली, काळी माती खरवडून गेली. त्यांचे पंचनामे व्हायलाच हवेत. होडी आणि जाळ्यांच्या नुकसानीलाही सरकारी मदतीच्या निकषांत जागा आहे. पण नदीकडे उतरणारी वाट कुणाच्याच नावावर नाही. तिचा पंचनामा मागणार कोण?

यावर उपाय फार खर्चाचा नाही. पुरानंतर बांध पुन्हा घालताना, हद्दी पुन्हा मोजताना, प्रत्येक नदीकाठच्या गावाने पाण्यापर्यंतची एक वाट सर्वांची म्हणून गावनकाशावर दाखवून घ्यावी. ती मासेमाराच्या कामी येईल, गुराख्याच्या येईल, आणि पुढच्या पुरात सुटकेसाठी होडी घेऊन येणाऱ्यांच्याही येईल.