कुत्र्यांची गणती कुठे करायची?

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. शिडाच्या जहाजावर माणूस कुत्रा कशासाठी नेत असे?

एक उत्तर इंग्लंडमध्ये, पोर्ट्समथच्या संग्रहालयात पाहायला मिळतं. आठव्या हेन्रीची ‘मेरी रोज’ ही युद्धनौका १९ जुलै १५४५ रोजी बुडाली. तिच्या अवशेषांत, सुताराच्या खोलीजवळ, एका लहानशा कुत्र्याचा जवळजवळ अख्खा सांगाडा सापडला. तो उंदीर मारण्यासाठी ठेवलेला असावा, असं अभ्यासक मानतात. जहाजावरचं अन्नधान्य उंदरांनी फस्त केलं, तर खलाशी खाणार काय? म्हणजे कुत्रा केवळ हौसेखातर आलेला नव्हता, तो कामावर होता. आणि जहाज बुडालं तेव्हा तोही खलाशांबरोबर तळाशी गेला.

आता आपण पावणेचारशे वर्षं पुढे येऊ. अर्नेस्ट शॅकल्टनला अंटार्क्टिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडायचा होता. स्लेज ओढायला कुत्रे हवे होते. कॅनडातून आणलेले ६९ कुत्रे ब्यूनोस आयर्सला ‘एन्ड्युरन्स’वर चढवले गेले. हे तीन डोलकाठ्यांचं जहाज, शिडांच्या जोडीला वाफेचं इंजिन असलेलं. डेकवर कुत्र्यांची खुराडी, खाली माणसं.

जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात जहाज बर्फात अडकलं. मग कुत्र्यांना बर्फावर उतरवलं आणि त्यांच्यासाठी बर्फाचीच घरं बांधली. बरेच कुत्रे पोटातल्या जंतांनी मेले, कारण जंतांचं औषधच बरोबर घेतलेलं नव्हतं! पण पिल्लंही जन्मली. टॉम क्रीन या दणकट खलाशाचा पिल्लांना कवेत घेतलेला फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या लांबलचक हिवाळ्यात माणसांचं मन थाऱ्यावर ठेवण्यात या जनावरांचा वाटा मोठा होता.

२७ ऑक्टोबर १९१५ ला जहाज सोडावं लागलं. दोनच दिवसांनी सर्वांत लहान पिल्लं आणि सुताराची मांजर यांना गोळ्या घातल्या. पुढे जानेवारीत सीलची शिकार कमी मिळू लागली. आता हिशेब बघा. माणसं सीलचं मांस खात, चुलीत सीलचीच चरबी जाळत, आणि कुत्र्यांचं पोटही सीलवरच. त्यामुळे बहुतेक कुत्रे त्याच महिन्यात मारले गेले. फ्रँक वाइल्डच्या वाट्याला हे काम आलं. छायाचित्रकार हर्लीने आपल्या ‘शेक्सपिअर’ नावाच्या म्होरक्या कुत्र्याचा निरोप रोजनिशीत लिहून ठेवला. उरलेले कुत्रे होड्या पाण्यात लोटण्याच्या थोडे दिवस आधी गेले, आणि त्यांतल्या काहींचं मांस माणसांनी खाल्लं.

९ एप्रिल १९१६ ला तीन होड्या निघाल्या, माणसं २८. सगळी वाचली. त्यावरूनच ‘शॅकल्टनने एकही माणूस गमावला नाही’ हे वाक्य जगभर झालं. ते ‘एन्ड्युरन्स’पुरतंच खरं आहे, याच मोहिमेच्या रॉस समुद्राकडच्या तुकडीतली तीन माणसं मेली. आणि कुत्रे? त्यांतला एकही परतला नाही.

शॅकल्टन निर्दय होता, असं आपल्याला म्हणायचं नाही. त्या होड्यांत कुत्र्यांना जागा नव्हती आणि अन्नही नव्हतं. पण आपण हेही बघायला हवं, की कुत्र्यांचं भवितव्य बर्फावर ठरलं नाही, ते बरंचसं बंदरातच ठरलं होतं. काम असेपर्यंत ते जहाजाच्या मंडळींत मोजले गेले. काम संपलं की शिध्याच्या हिशेबात गेले. माणसाचं स्थान मात्र या वहीतून त्या वहीत गेलं नाही.

१९९१ च्या माद्रिद करारानुसार १ एप्रिल १९९४ पर्यंत सगळे कुत्रे अंटार्क्टिकाबाहेर काढायचं ठरलं. कारण होतं तिथल्या वन्यजीवांचं रक्षण, कुत्र्यांचे रोग सीलना लागतील ही भीती. आज शिडाची होडी घेऊन तिथे जाणाऱ्यांना कुत्रा किनाऱ्यावर उतरवता येत नाही.

इतर समुद्रांत मात्र हौशी लोक आजही कुत्रा बरोबर नेतात, आणि खुशाल न्यावा. फक्त नांगर उचलण्याआधी एवढं ठरवावं: पाणी कमी पडलं, होडी सोडायची वेळ आली, तर याची जागा कुठे? उत्तर नसेल, तर त्याला घरीच ठेवलेलं बरं.