मूठभर धान्य आणि इतिहासाचे जतन : कराड तालुका व कृष्णवर्णीय अमेरिका

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. फुले घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा विचार करताना त्यांची दृष्टी अमेरिकेपर्यंत पोहोचली, ही घटना असाधारण होय. मात्र त्या अर्पणपत्रिकेतील कृतज्ञता मुक्ती देणाऱ्यांविषयी होती. स्वतःच्या मुक्तीसाठी लढलेल्यांचा इतिहास (यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय होते) त्या काळी जगापुढे फारसा आलेला नव्हता.

तो पुढे आणण्याचे कार्य प्रामुख्याने कार्टर वुडसन यांनी केले. गुलामगिरीतून सुटलेल्या मातापित्यांच्या पोटी जन्मलेल्या या इतिहासकाराने १९१५ मध्ये शिकागो येथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली आणि १९२६ मध्ये फेब्रुवारीतील इतिहास-सप्ताह सुरू केला. १९७६ पासून तो महिनाभर साजरा होऊ लागला. आरंभी संस्थेस धनाढ्य प्रतिष्ठानांचे साहाय्य होते. १९३० नंतरच्या दशकात ते आटले. तेव्हा शिक्षक आणि सामान्य कृष्णवर्णीय कुटुंबे यांच्या लहान देणग्यांवर संस्था तगली. संशोधनाची दिशा देणगीदाराच्या मर्जीवर राहिली नाही, हा त्या आटलेल्या मदतीचा अनपेक्षित लाभच म्हणावा लागेल.

याच काळात सातारा जिल्ह्यात लोकाश्रयाचा दुसरा प्रयोग चालू होता. उंब्रज ज्या कराड तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक विचारांच्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. त्यांच्या भाकरीसाठी खेडोपाडी मूठफंड निघाला. दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवावयाचे, एवढाच त्याचा नियम. ज्या घरात रोख पैसा क्वचितच दिसे, त्या घरालाही दाता होता आले. हे दान बहुतांशी स्त्रियांच्या हातून होत असे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी तर मुलांच्या अन्नासाठी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले.

शासनाशी मतभेद होऊन १९४८ मध्ये संस्थेचे अनुदान बंद झाले. शाळांवर शाळा उघडणाऱ्या संस्थेस हा आघात साधा नव्हता. तरीही लोकांनी संस्था सोडली नाही; पुढे अनुदानही पूर्ववत झाले. वुडसन यांची संस्था भूतकाळ जपत होती, तर रयत भावी पिढी घडवीत होती, हा भेद नजरेआड करता येत नाही. परंतु वरचा आश्रय सुटल्यावर दोहोंना ज्यांनी तारले, ते त्या त्या समाजातील सामान्य लोकच होते.

अमेरिकेत अशा दात्यांच्या स्मृती जपण्याचे काम आज अनेक स्थानिक वस्तुसंग्रहालये व इतिहास-मंडळे करीत आहेत. उंब्रज परिसरात ते काम महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज करता येण्याजोगे आहे. कोणत्या घरांतून धान्य निघाले, ते गोळा करून वसतिगृहापर्यंत कोणी नेले, तेथे कोणकोणती मुले शिकली, याच्या आठवणी घराघरांतून टिपून ठेवता येतील. मूठफंड भरणाऱ्या आजींच्या सुना व लेकी आता वार्धक्याकडे झुकल्या आहेत.