रात्रीच्या हाकेची मोजदाद

कामगारांचा इतिहास लिहिणारे गिरणीच्या भोंग्यापासून सुरुवात करतात. वऱ्हाडात तो गावच्या वेशीपासून सुरू करावा लागेल. रात्रपाळी यंत्राने आणली, असे म्हणतात. पण यंत्राच्या कितीतरी आधी वेशीवर येसकर जागत होता.

अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यांत महारकी म्हणजे काय होते? वेस राखणे, सरकारी निरोप पोचविणे, मेलेले ढोर ओढणे, मयताची वार्ता परगावी नेणे. ह्या यादीवरून खरे कष्ट कळत नाहीत. खरे काम होते हाकेच्या टप्प्यात राहणे. माझ्या आज्याने ते केले. हाक आली नाही त्या रात्रीही तो मोकळा नसे. मोबदला काय, तर खळ्यावरचे बलुते. बेदरच्या बादशहाने दिले म्हणून ज्या बावन्न हक्कांची कथा सांगतात, त्यांत आपली रात्र आपली असण्याचा हक्क नव्हता.

शेजारच्या मुंबई इलाख्यात ह्या दास्याला १८७४ च्या वतन कायद्याचा आधार होता. १९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो बदलण्यासाठी विधेयक मांडले. वतनदार महाराला रात्री-अपरात्री केव्हाही राबवतात, तो नसला तर त्याच्या बापाला किंवा घरच्या दुसऱ्या कोणाला धरतात, हे त्यांनी कायदेमंडळापुढे ठेवले. विधेयक तडीस गेले नाही. ती वतने रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

दरम्यान कापसाबरोबर वऱ्हाडात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले आणि घड्याळ आले. तेही आमच्यासाठी उशिराच चालू झाले. १८८१ व १८९१ च्या कायद्यांनी वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळले होते. १९११ मध्ये ते कायद्यात आले; पण बायांच्या रात्रीच्या कामावरील बंदीतून जिन-प्रेसला सूट राहिली. १९३४ च्या कायद्याने आठवड्याची मर्यादा बारमाही कारखान्यांत ५४ तास ठेवली, हंगामी कारखान्यांत ६०. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ मध्ये, ती ४८ आणि ५० वर आली.

आता विरोधाभास पाहा. जिनात कापूस टाकणाऱ्या हाताचे तास सरकार मोजू लागले. तोच माणूस गावात परतला की मोजणी बंद! कारखान्यातली मेहनत श्रम ठरली, वेशीवरची मेहनत जातीचे कर्तव्य ठरली. कर्तव्याला कोण तास लावणार?

२०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या एका अग्निशमन जवानाच्या खटल्यात निकाल दिला. बोलावणे येताच आठ मिनिटांत ठाण्यावर पोचण्याच्या अटीने तो घरी अडकून असे. त्याचे हे घरी थांबणेही कामाचा वेळच आहे, असे न्यायालयाने ठरवले. आमच्या म्हाताऱ्यांना हे कोणी न सांगता ठाऊक होते.

वतन गेले, म्हणून हाक थांबली काय? गावचा कोतवाल, दवाखान्याचा सफाई कामगार, रात्रीचा राखणदार ह्यांना विचारा. तुम्ही किती तास राबलात, एवढेच विचारू नका. किती तास तुम्हाला कुठे जाता आले नाही, हेही विचारा. त्या तासांचा दाम मागितल्याशिवाय महारकी संपली असे आपण म्हणू नये.